पायराबंद वगळण्याच्या निर्णयाविषयी आमच्या कार्यकारिणीस खुले पत्र

आदरणीय अध्यक्षताई आणि कार्यकारिणीच्या सर्व भगिनींनो,

सस्नेह नमस्कार.

गेली 26 वर्षे मी आपल्या महिला शिक्षक संघटनेची आजीव सभासद आहे. अधिवेशनाच्या सतरंज्या घालण्यापासून ठरावांचे मसुदे लिहिण्यापर्यंत संघटनेचे कोणतेही काम मी परके मानले नाही, आणि हे पत्रही संघटना आपलीच आहे या हक्काने लिहीत आहे. स्त्रीशिक्षणाच्या पाऊलखुणा पाहण्यासाठी कोलकाता आणि बांगलादेश असा अभ्यासदौरा काढण्याचे आपण जाहीर केलेत, तेव्हा सर्वांत आधी नाव नोंदवणाऱ्यांत मी होते. पहिल्या परिपत्रकात रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद या गावाचे, म्हणजे मुलींसाठी शाळा काढणाऱ्या बंगाली लेखिका रोकेया सखावत होसेन यांच्या जन्मगावाचे नाव होते. सुधारित परिपत्रकातून ते गेले. कारण म्हणून एकच ओळ छापली आहे: पायराबंद येथे बघण्यासारखे काही नाही, सबब ते वगळण्यात येत आहे. त्यामुळे मोकळे झालेले दोन दिवस ढाक्यातील खरेदी आणि ढाक्याजवळचे सोनारगाव यांना दिले आहेत.

या निर्णयाबाबत मी आपल्याला दोन पत्रे पाठवली. त्यांना पोचही आली नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे. शिक्षिकांच्या संघटनेने काय बघण्यासारखे मानावे, हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीपुरता राहू नये, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट आधीच मान्य करते. व्हिसा, सीमेपलीकडची परिस्थिती, वयस्क सभासदांची दगदग, ढाका ते रंगपूर हा साधारण तीनशे किलोमीटरचा रस्ता, यांपैकी कोणतेही कारण आपण दिले असते, तर मी वाद घातला नसता. नकाशा घेऊन आपल्याशेजारी बसले असते आणि काही मार्ग निघतो का ते पाहिले असते. परंतु आपण अडचण सांगितली नाही. आपण त्या जागेची किंमत ठरवली, आणि ती शून्य ठरवली. माझा आक्षेप त्या एका ओळीला आहे.

मी पायराबंदला जाऊन आले आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये, कोलकात्याच्या एका मैत्रिणीबरोबर, उत्तर बंगालमधून चांगराबांधा-बुरीमारीची सीमा ओलांडून आम्ही रंगपूरला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके इतके होते की, बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाचा चालक दर थोड्या अंतरावर काच पुसायला थांबत होता. धुके विरळ झाले तसे दोन्ही बाजूंना बटाट्याची शेते दिसू लागली, मधूनच मोहरीचा पिवळा पट्टा, तंबाखूची कोवळी रोपे, आणि पायराबंद ज्यात येते तो मिठापुकूर तालुका ज्या हाडीभांगा आंब्यासाठी प्रसिद्ध आहे त्याची झाडे. गावात रोकेयांच्या नावाची मुलींची शाळा आहे, महाविद्यालय आहे, 2001 मध्ये उद्घाटन झालेले स्मृतिकेंद्र आहे. या केंद्राने पुढे बरीच वर्षे बंद दारांत काढली, हेही तितकेच खरे आहे. आणि या सर्वांच्या शेजारी, कुंपणाच्या आत, त्या जमीनदारवाड्याचे जे उरले ते आहे: विटांचे काही खांब, भिंतींचे तुकडे, खिडकी होती तिथे एक पोकळी.

मी एका भिंतीपाशी बराच वेळ उभी होते. विटा आपल्याकडच्या विटांपेक्षा पातळ, जेमतेम दोन बोटे जाडीच्या. मधला चुना बोट लावले की भुकटी होऊन गळत होता. खालच्या दोन थरांवर शेवाळ, वरच्या भेगेत पिंपळाचे बोटभर रोप. ते रोप त्या दिवशी मी उपटले नाही, कारण परक्या देशातल्या वारशाला हात लावण्याचा मला संकोच वाटला. आज वाटते, उपटायला हवे होते. पिंपळाने धरलेली भिंत टिकत नाही, हे आपल्या गावोगावच्या पडक्या वाड्यांनी आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

आता या पडक्या विटांमध्ये काय बघायचे, ते सांगते.

रोकेयांचा जन्म इथे 9 डिसेंबर 1880 रोजी झाला. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, साडेतीनशे बिघे लाखिराज, म्हणजे सारामाफीच्या जमिनीच्या मध्यभागी त्यांचा एकटा प्रचंड वाडा होता आणि भोवती रान होते. वडील विद्वान, अनेक भाषा जाणणारे. मुलगे शिकायला कोलकात्याला गेले; मुलींच्या वाट्याला कुराणपठणापुरती अरबी आणि घरंदाज मुलींसाठी योग्य मानलेली थोडी उर्दू आली. बंगाली ही त्या मुलखाची, शेतकऱ्यांची, दाईंची, अंगणातली भाषा, आणि नेमकी तीच या घरातल्या मुलींना बंद होती. थोरली बहीण करीमुन्निसा लहान भावाचा अभ्यास कानांनी टिपत असे आणि अंगणातल्या मातीत काडीने बंगाली अक्षरे गिरवत असे. पुस्तक वाचताना ती सापडली. वडिलांनी तिला सुरुवातीला रागे भरले नाही, उलट उत्तेजन दिले, पण नातेवाइकांच्या कुजबुजीपुढे त्यांचे काही चालले नाही. तिचे शिक्षण थांबले आणि पंधराव्या वर्षाच्या आत तिचे लग्न लागले. तीच करीमुन्निसा पुढे कविता लिहू लागली. धाकट्या रोकेयाला ‘अक्षरांचा मार्ग’ तिने दाखवला, आणि थोरल्या भावाने, इब्राहिम साबेर यांनी, घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तिला बंगाली आणि इंग्रजी शिकवले. ज्या घरात दिवसा अक्षर गिरवणे हा गुन्हा होता, त्याच घरात ती रात्री शिकली. मी जिच्यापाशी उभी होते त्या भिंतीच्या पलीकडेच हे कुठेतरी घडले असणार. मी 31 वर्षे शिकवले, हजारो मुलींच्या वह्या तपासल्या. त्या जागी माझ्या तोंडून काही वेळ शब्द फुटला नाही.

आणखी एक प्रसंग याच अंगणातला आहे. रोकेयांच्या 1931 च्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात पडद्याच्या जाचाचे 47 लहान प्रसंग आहेत आणि त्यांतला पहिलाच पायराबंदच्या वाड्यातला आहे. दुपारची वेळ. जमीनदाराच्या मुली नमाजाच्या तयारीत. बाकीच्यांचे वजू, म्हणजे नमाजाआधीचे हातपाय धुणे, झालेले, एक मुलगी तेवढी अजून अंगणात, आणि दाई तिच्या हातावर तोटीच्या लोट्यातून पाणी ओतते आहे. इतक्यात एक उंचपुरी काबुली बाई अंगणात येते. दाईच्या हातून लोटा गळून पडतो आणि ती पुरुष आला, पुरुष आला, असे ओरडत सुटते. ती बाई हसून सांगते की मी बाईच आहे. पण तिने पायजमा घातलेला असतो, एवढे पुरते. मुलगी धावत घरात काकीकडे जाते. काकी घाबरून विचारते, तिने तुला पाहिले तर नाही ना? आणि आतल्या बायका नमाज अर्धवट सोडून दारे लावून घेतात, जणू अंगणात वाघ शिरला आहे. परक्या बाईपासूनही लपवले जाणे, पाच वर्षांच्या वयात पाहुण्या बायका आल्या की पोटमाळ्यावर, पलंगाखाली, कोठीत दडून बसणे, हे रोकेयांनी स्वतः भोगले होते. ते अंगण अजून आहे. तिथे आता गवत आहे, आणि मी गेले त्या सकाळी कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून शाळेच्या गणवेशातल्या मुली सायकलवरून जात होत्या.

त्यांतल्या तिघी थांबल्या. आम्ही कुठून आलो, हे माझ्या मैत्रिणीने सांगितल्यावर एकीने विचारले, तुमच्याकडेही अशी कोणी आहे का? मी काडी घेऊन मातीत देवनागरीत ‘सावित्री’ लिहिले. तिने ते नीट पाहिले आणि बाजूला बंगाली अक्षरांत लिहिले. त्यांच्या लिपीत ‘व’ला वेगळे अक्षर नाही, म्हणून तिचे ते ‘साबित्री’ झाले, आणि मोठ्याने वाचताना ‘शाबित्री’. आम्ही सगळ्या हसलो. मग तिने मला दोनतीनदा ‘वि’ म्हणायला लावून तो उच्चार गिरवला. भगिनींनो, आपल्या परिपत्रकात जिथे काही नाही असे छापले आहे, तिथे मी हे पाहिले.

भिंत पडलेली आहे म्हणून जागा रिकामी ठरवण्याचा हा न्याय आपण पुण्यात लावला असता का? बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात 1848 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या वाड्याच्या तळमजल्यावर आपण वर्षानुवर्षे दुकानांचे गाळे पाहिले, वर मोडकळीला आलेली लाकडे पाहिली. न्यायालयात प्रकरण लांबले आणि अखेर डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती वास्तू उतरवण्यात आली. मी दर वर्षी वर्गातल्या मुलींना घेऊन त्या वाड्यासमोर उभी राहत असे. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला आलेली गर्दी आम्हाला ढकलत पुढे जाई आणि एखादी मुलगी विचारी, बाई, शाळा कुठे आहे? मी वरच्या मजल्याकडे बोट दाखवी. तिथेही बघण्यासारखे काही नव्हते. तरीही संघटनेने तिथे जाणे कधी सोडले नाही, आणि त्या जागेसाठी सह्या गोळा करताना आपण सगळ्या उन्हात उभ्या होतो. मी सातारा जिल्ह्यातली. नायगावला सावित्रीबाईंचे जन्मघर आता नीट राखलेले आहे, 3 जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याचे मला समाधान आहे. पण नायगाव नीट राखले गेले नसते, तर आपण तिथे जाणे थांबवले असते, की अधिक जोमाने गेलो असतो?

माझे इतर आक्षेप लिहिते.

दौऱ्याच्या माहितीपत्रकात रोकेयांचे जन्मस्थान कोलकाता असे छापले आहे. ही चूक लहान नाही. गाव यादीतून गेले तसे ते चरित्रातूनही गेले. पायराबंदमध्ये शिकता न आलेली मुलगी कोलकात्यात शाळा काढते, हा त्या आयुष्याचा कणा आहे. जन्मच कोलकात्यात दाखवला की मधला सगळा प्रवास पुसला जातो.

त्याच माहितीपत्रकात त्यांना ‘बंगालच्या सावित्रीबाई’ म्हटले आहे. यामागची आपुलकी मला कळते, परंतु शिक्षिकांनी असे लिहू नये. सावित्रीबाई उघड्या रस्त्याने शाळेत गेल्या आणि त्यांनी अंगावर शेण झेलले. रोकेयांची लढाई पडद्याच्या आतली होती. 1909 मध्ये पती सखावत होसेन वारले. त्यांनी शाळेसाठी ठेवलेल्या दहा हजार रुपयांतून रोकेयांनी त्याच वर्षी भागलपूरमध्ये पाच मुलींची शाळा काढली. सावत्र मुलीबरोबर मालमत्तेवरून वाद झाल्याने त्यांना ते गाव सोडावे लागले, आणि 16 मार्च 1911 रोजी कोलकात्यात वलिउल्ला लेनमधल्या एका घरात आठ मुलींवर शाळा पुन्हा सुरू झाली. मुली याव्यात म्हणून त्यांना पालकांच्या दारोदार जावे लागले, शाळेची गाडी चहूबाजूंनी बंद करून घ्यावी लागली. त्या बंद गाडीत मुली गुदमरत, त्यांना भोवळ येई; आणि पडदा जरा सैल केला की पालकांची निनावी पत्रे येत. रोकेया स्वतः बुरखा घेऊन हे सर्व करत होत्या आणि त्याच हाताने पडद्याविरुद्ध लिहीत होत्या. हा पेच सावित्रीबाईंच्या चरित्रात नाही, आणि सावित्रीबाईंच्या वाट्याला आलेला जातीचा जाच रोकेयांच्या चरित्रात नाही. एकीला दुसरीचे नाव दिले की दोघींचेही कष्ट धूसर होतात. शिवाय ‘बेगम रोकेया’ हे नाव नंतर रूढ झाले. त्या स्वतः लेखाखाली आर. एस. होसेन अशी सही करत.

तिसरा आक्षेप निर्णयाच्या रीतीबद्दल आहे. कार्यकारिणीतील एकही भगिनी पायराबंदला गेलेली नाही. जाऊन आलेली एक सभासद आपल्याकडे आहे, आणि तिचा लेख संघटनेच्याच अंकात छापलेला आहे. तरी तिला विचारले गेले नाही. न पाहिलेल्या जागेबद्दल तिथे बघण्यासारखे काही नाही असा निर्वाळा आपण कोणत्या आधारावर दिलात, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

खरेदीला माझा विरोध नाही. जामदानी विणणारे हात मलाही पाहायचे आहेत. परंतु दौऱ्याच्या नावात स्त्रीशिक्षण आहे आणि त्याच नावावर आपण सभासदांकडून वर्गणी घेतली आहे.

आणि सर्वांत जास्त दुखावणारी गोष्ट: कोलकात्याचे तीन दिवस ठरलेले असतानाही रोकेयांची शाळा आणि त्यांची कबर दोन्ही कार्यक्रमात नाहीत. सखावत मेमोरियल शाळा आजही लॉर्ड सिन्हा रोडवर चालू आहे. कबर शहराच्या उत्तरेला सोदपूरजवळ पाणिहाटीत, मुलींच्या एका शाळेच्या आवारात आहे. ती जागा बऱ्याच वर्षांनी इतिहासकार अमलेंदू दे यांच्या शोधातून पुन्हा उजेडात आली. रोकेयांचे निधन 9 डिसेंबर 1932 रोजी, म्हणजे जन्मदिवशीच, पहाटे झाले, आणि टेबलावर ‘नारीर अधिकार’ हा लेख अपुरा पडलेला होता. यातल्या कोणत्याही ठिकाणी जायला व्हिसा लागत नाही, पाणिहाटीला तर सियालदहहून लोकल पुरते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

वगळण्याचा निर्णय मागे घ्यावा. सर्वांना जाणे शक्य नसेल, तर ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी रंगपूरचा ऐच्छिक दोन दिवसांचा गट करावा. त्याचा वेगळा खर्च आम्ही भरू. यंदा सीमेपलीकडे जाणेच शक्य झाले नाही, तर तसे स्पष्ट लिहावे, दौरा कोलकाता-पाणिहाटीपुरता करावा, पायराबंद पुढच्या वर्षीच्या यादीत ठेवावे, आणि ‘बघण्यासारखे काही नाही’ ही ओळ नव्या परिपत्रकाद्वारे रद्द करावी. ही ओळ रद्द होणे माझ्यासाठी प्रवासापेक्षाही महत्त्वाचे आहे.

माहितीपत्रक दुरुस्त करावे. जन्मस्थान, नाव आणि तारखा तपासून छापाव्यात, आणि करीमुन्निसेचा उल्लेख त्यात यावा. माहितीपत्रकात ‘सुलतानाज ड्रीम’ या 1905 च्या कथेचाच काय तो उल्लेख आहे. पुरुष पडद्यात आणि स्त्रिया सूर्याच्या शक्तीवर राज्य चालवणाऱ्या, अशी ती इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात आली होती आणि 2024 मध्ये तिची नोंद युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत झाली. पण रोकेयांचे बहुतेक लेखन बंगालीत आहे, तेही ज्या घरात बंगालीला मज्जाव होता त्या घरातल्या मुलीने लिहिलेले. म्हणून निघण्यापूर्वी किमान दोन वाचनसत्रे व्हावीत आणि त्यांत बंगाली जाणणाऱ्या एखाद्या भगिनीकडून मूळ उतारे ऐकवावेत.

शेवटी, त्या जागेची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना संघटनेने आपल्या नावाने, नम्र शब्दांत एक पत्र पाठवावे. अवशेषांवर पावसापासून आडोसा व्हावा, भिंतींतली झाडे काढली जावीत, आणि अंगण कोणते, इथे काय घडले, हे सांगणारा फलक बंगाली आणि इंग्रजीत लागावा, एवढीच विनंती त्यात असावी. 9 डिसेंबरला तिथे जत्रा भरते, भाषणे होतात. ती एका बाजूला, आणि उरलेल्या दिवसांत एखादी परकी शिक्षिका पोचली तर तिला कुणीतरी चार गोष्टी सांगाव्यात, ही अपेक्षा दुसऱ्या बाजूला. आपले पत्र पोचेल की नाही, ठाऊक नाही. भिडे वाड्यासाठी आपण पत्रे लिहायला लागलो, तेव्हाही ते ठाऊक नव्हते.

हे पत्र येत्या बैठकीत वाचून दाखवावे आणि उत्तर लेखी द्यावे, अशी विनंती आहे. रंगपूरहून पायराबंदला कसे जायचे, रात्री कुठे राहता येते, खर्च किती येतो, हे सर्व माझ्या वहीत लिहिलेले आहे. ती वही घेऊन मी बैठकीला येईन.

आपली,
संघटनेची एक आजीव सभासद
(निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा)